शिरस्तेदारांचा ब्रेक

शिरस्तेदारांना मी पहिल्यांदा पाहिलं ते तळपायांकडून.

कल्याणच्या शाळेत माझी नवीनच नेमणूक झाली होती आणि मी भाड्याची खोली बघायला म्हणून त्यांच्या घरी गेलो होतो. अंगणात एक घोडागाडी उभी होती. घोडा सोडलेला होता आणि मागच्या दोन चाकांच्या मधून दोन गोरे, सुरकुतलेले तळपाय बाहेर आले होते. गाडीच्या कंदिलाच्या हुकाला एक लाल पागोटं अडकवून ठेवलं होतं. मी खाकरलो.

"कोण आहे?" गाडीखालून आवाज आला.

"मी शाळेतला नवा मास्तर. खोलीसाठी—"

"पायांनी धड आहात ना?"

"आहे की."

"मग चढा पुढे, गाडीवानाच्या जागेवर. पायापाशी लोखंडी पायडल दिसेल. 'दाब' म्हटलं की दाबायचं, 'सोड' म्हटलं की सोडायचं. मधे बोलायचं नाही."

मी चढलो. दाब म्हणाले की दाबलं, सोड म्हणाले की सोडलं. बराच वेळ हे चाललं. मग ते सरपटत बाहेर आले, धोतर झटकलं, आधी पागोटं डोक्यावर ठेवलं आणि मगच माझ्याकडे बघितलं. उघड्या डोक्याने परक्या माणसाशी बोलणं त्यांना जमत नसे.

"पाय कुठे अडला तुमचा?"

"मधेच. खालच्या फळीच्या चार बोटं वर."

"घट्ट अडला की मऊ?"

"घट्ट."

त्यांनी असा सुस्कारा सोडला, जणू मी कुणाच्या आजाराची वाईट बातमी सांगितली होती. "हं," ते म्हणाले, "प्रत्येक जण हेच सांगतो." आणि मग खोलीची किल्ली आणायला आत गेले.

मी सांगतो आहे तो काळ राणीच्या राज्याचा. मोटार नावाची वस्तू आमच्यातल्या कुणी ऐकलीही नव्हती. आज माझ्या नातवाच्या मोटारीचा ब्रेक जरा ढिला लागला की तो खाली उतरून चाकांना लाथा मारतो, आणि मला हटकून शिरस्तेदार आठवतात. तेव्हा कल्याणात बैलगाड्याच फार. घोडागाडी दोन-चार जणांकडे, आणि पायाने दाबायचा ब्रेक असलेली गाडी एकच. शिरस्तेदार ठाण्याच्या कोर्टात नोकरीला असताना कोणी गोरा साहेब विलायतेला परत निघाला, त्याच्याकडून ती त्यांनी घेतली होती. पायडलापासून एक लांब लोखंडी दांडा गाडीच्या पोटाखालून मागे जायचा. त्याच्या टोकाला आडवा दांडा आणि त्यावर दोन लाकडी ठोकळे. पायडल दाबलं की ठोकळे मागच्या चाकांच्या लोखंडी धावेवर जाऊन बसत आणि चाकं आवळली जात. उतारावर गाडी घोड्याच्या अंगावर जाऊ नये म्हणून ही सोय. गाडी आणली तेव्हा तो ब्रेक बघायला माणसं जमली होती म्हणे.

मी राहायला गेलो त्या सुमाराला मात्र त्या गाडीकडे कोणी बघत नसे.

रोज संध्याकाळी शिरस्तेदार स्वतः गाडी हाकत बाहेर पडत. पेन्शनीतला गृहस्थ स्वतः लगाम धरून बसतो हेच मुळी लोकांना विचित्र वाटे. मागच्या दोन्ही बाकांच्या गाद्या ते निघण्याआधी उपरण्याने झटकत. पारनाक्यावरून तळ्यापर्यंत जात, तळ्याला वळसा घालत आणि परत येत. वाटेत ओळखीचं कोणी दिसलं की गाडी थांबवून विचारत, "येता का? सोडतो." कल्याणात पायी चालण्याचे फायदे जितक्या लोकांना ठाऊक होते, तितके दुसऱ्या कुठल्या गावात नसतील. कुणाला वैद्याने चालायला सांगितलेलं असे, कुणाला भूक लागत नसे, कुणाला सहज पाय मोकळे करायचे असत. एका लठ्ठ सावकाराला तर मी गाडी दिसताच बोळात शिरताना पाहिलं आहे. शिरस्तेदार प्रत्येकाला "बरं, बरं" म्हणत आणि पुढे जात. गाडी रिकामी जायची ती रिकामीच यायची. घरी आल्यावर ते गाद्या पुन्हा एकदा झटकत. त्यांवर कोणी बसलेलं नसे, तरी झटकत.

स्वभावाने माणूस विनोदी होता, पण तो विनोद आहे हे चेहऱ्यावरून कळायचं नाही. बोलणं सगळं कोर्टाचं. मांजराने दूध सांडलं की ते मांजराला समोर बसवून विचारत, "गुन्हा कबूल?" स्वयंपाक स्वतः करत. आमटी कशी झाली असं मी विचारलं तर चव घेऊन म्हणत, "निकाल राखून ठेवतो." मला हाक मारताना 'मास्तर' म्हणत, पण रागावले की 'अर्जदार'. एकदा मी त्यांना सहज म्हणालो, "आज फार उकडतंय." ते गंभीरपणे म्हणाले, "पुरावा?" आणि मी माझा घामाने भिजलेला सदरा दाखवला तेव्हा मान डोलावून म्हणाले, "मान्य."

पण रविवारी सकाळी हे सगळं बंद. रविवारी ते कुणाशी बोलत नसत. रविवार ब्रेकचा.

तो ब्रेक त्यांनी किती परींनी तपासला होता! पायडल मऊ पडतं आणि खाली जातं, हे त्यांचं म्हणणं. का जातं, हा प्रश्न. ठोकळे झिजले असतील म्हणून बाभळीचे काढून सागाचे बसवले. सांध्यांतल्या खिळ्यांची भोकं मोठी झाली असतील म्हणून लोहाराकडून सगळे खिळे नवे करून घेतले. दांडा वाकत असेल म्हणून जाड दांडा घातला. आडवं लाकूड आतून वाळवीने खाल्लं असेल म्हणून तेही बदललं. प्रत्येक बदलानंतर मी पुढे बसायचं, दाबायचं, सोडायचं. दर वेळी माझा पाय फळीच्या चार बोटं वर घट्ट अडायचा. दर वेळी मी ते खरं सांगायचो आणि दर वेळी त्यांचा चेहरा पडायचा.

एका रविवारी न राहवून मी म्हणालो, "अहो शिरस्तेदार, ब्रेक उत्तम लागतो. तुम्ही दुखणं शोधताय, पण दुखणंच नाही."

ते गाडीखालून म्हणाले, "अर्जदार, तुम्ही दाबा."

खरी हकिकत मला त्यांच्या मोतद्दाराकडून कळली. हा ठाकुर्लीकडचा आगरी, घोड्याचं सगळं बघायचा. गाडीच्या मागे मात्र पायी पळायचा, मागच्या फळीवर उभासुद्धा राहायचा नाही. मी कारण विचारलं तर घोड्याच्या अंगावरून हात फिरवत म्हणाला, "मी घोऱ्याचा बगतंय, मास्तर. गारीन बसाचा नाय. बाय गेली ना त्या गारीन."

बाय म्हणजे शिरस्तेदारांची बायको. मी तिथे राहायला जाण्याच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. बाईंच्या माहेरी भिवंडीला लग्न होतं. भिवंडीला जायचं तर दुर्गाडीच्या किल्ल्याखाली खाडी ओलांडावी लागे आणि नावेपर्यंत जायला चांगलाच उतार. गाडी माणसांनी भरलेली होती. मागे बाई, त्यांची भावजय, तरणा मुलगा, शिवाय ट्रंका आणि आहेराची भांडी. पुढे शिरस्तेदार. उतारावर गाडी सुटली. घोड्याला ढकलत खाली गेली आणि ओहोटीच्या चिखलात उलटली. मुलाने उडी मारली म्हणून तो वाचला. भावजयीचा हात मोडला. बाई खाली सापडल्या. घरी आणल्यावर काही दिवसांनी गेल्या.

"शिरस्तेदार बोलला, मी पाय दाबला व्हता, ब्रेक लागला नाय," मोतद्दार म्हणाला. "मंग गारी भायेर कारली, चाकां नवी लावली. गावातली मोठी मोठी मानसा आली, पायडल दाबून बगितला. चांगला लागला. मंग लोकांना काय वाटल? म्हाताऱ्याचा ध्यान नव्हता."

मुलगाही त्यानंतर घरात राहिला नाही. ठाण्याला कचेरीत नोकरीला होता, तिथेच त्याने बिऱ्हाड केलं. वर्षश्राद्धाला यायचा, जेवायचा, संध्याकाळच्या आगगाडीने परत जायचा. बाप-लेक एकमेकांशी बोलत नसत असं नाही. पाऊसपाण्याचं बोलत.

शिरस्तेदारांनी स्वतः हा विषय माझ्याकडे एकदाच काढला. ओटीवर बसलो होतो. मला वाटतं आषाढ असावा, कारण दोन दिवस गाडी बाहेर काढता आली नव्हती आणि ते कासावीस झाले होते.

"मास्तर, मी पाय दाबला होता," ते एकदम म्हणाले. "पायडल थेट फळीला टेकलं. मधे काही नाहीच. जिना संपल्यावर आणखी एक पायरी आहे समजून आपण पाय टाकतो ना, तसं. पण गाडी तर म्हणते ब्रेक चांगला आहे. आता साक्ष कुणाची खरी धरायची? गाडीची की माझी?"

मी सरकून त्यांच्या जवळ बसलो.

"कोर्टात तीस वर्षं साक्षी ऐकल्या. खोटं बोलणारा मला लगेच कळायचा. पण आपल्या सोयीचं आठवणारा माणूस ओळखता येत नाही. तो अगदी खऱ्यासारखा बोलतो, कारण त्याला ते खरंच वाटत असतं." त्यांनी आपल्या उजव्या पायाकडे बघितलं. "आताशा मला वाटतं, मी दाबलाच नसेल."

त्या दिवसापासून रविवारी पायडल दाबताना मी मनापासून दाबू लागलो. ते खाली जावं अशी मीच इच्छा करू लागलो. पण ते जायचं नाही.

दिवाळीनंतर माझं बिऱ्हाड आलं. आई, बायको, दोन मुलं. बोटीने मुंबई, तिथून आगगाडीने कल्याण. बरोबर तांदळाचं पोतं, नारळ, पितळेची भांडी, पाटा-वरवंटासुद्धा. आई घर हलवताना काही मागे ठेवणाऱ्यांतली नव्हती. बोटीत आखडून बसल्याने तिचे गुडघे सुजले होते. मी सांगून ठेवलेली बैलगाडी काही आली नाही. स्टेशनाबाहेर शिरस्तेदार मात्र गाडी घेऊन उभे होते. मला बघून त्यांनी नेहमीसारखं "येता का?" विचारलं नाही. आपलं दुसरीकडे बघत उभे राहिले. मला तेच जास्त लागलं.

आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. "ही गाडी कुणाची रे? इतकी मोठी गाडी उभी आहे आणि तू बैलगाडी कसली शोधतोस?" म्हणत ती सरळ गाडीपाशी गेली. "अहो, आम्हाला नेता का?"

शिरस्तेदार लगबगीने गाडीच्या मागे आले. मग त्यांनी उपरणं काढून गादी झटकली, दोनदा झटकली. "बसा बाई. सावकाश बसा."

मागे आई, बायको, मुलं आणि ते सगळं सामान. पुढे ते आणि मी. त्यांच्या मागच्या बाकांवर इतकी माणसं दुर्गाडीच्या त्या दिवसानंतर प्रथमच बसली होती. मुलं कलकल करत होती आणि शिरस्तेदार उगाच मान मागे वळवून त्यांना "हे तळं, ती चिंच" असं दाखवत होते. तळ्याच्या बांधावरून रस्ता खाली उतरतो तिथे त्यांनी पाय दाबला.

त्यांचा गुडघा खाली जाताना मला दिसला. फारच खाली गेला. खट्ट करून फळीचा आवाज आला. गाडीने घोड्याला मागून धक्का दिला आणि घोडा पळू लागला. आई ओरडली. शिरस्तेदारांनी सगळा जोर करून डावा लगाम ओढला, गाडी बांधाच्या चढावर घातली आणि तिथे मातीत रुतून ती थांबली. उतार लहान होता म्हणून निभावलं. कुणाला खरचटलंही नाही. मी मुलांना उतरवायला उडी मारणार तोच ते ओरडले,

"कोणी उतरू नका! खबरदार, कोणी उतरू नका!"

मागून धावत आलेल्या मोतद्दाराच्या हातात लगाम देऊन त्यांनी चाकांना दगड लावायला सांगितले, पागोटं काढून माझ्या मांडीवर ठेवलं आणि भर रस्त्यात गाडीखाली शिरले.

"मास्तर, दाबा!"

मी पाय टेकवला आणि पाय गेला. मधे काहीच नव्हतं.

"टेकलं?"

"टेकलं."

"कुठे टेकलं?"

"फळीला, शिरस्तेदार. फळीला टेकलं."

"पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. माझा आवाज चढला होता. मग ते म्हणाले, "आता सगळे उतरा. सामान पण उतरवा." आम्ही सगळं उतरवलं. मी पुन्हा दाबलं. फळीच्या चार बोटं वर, घट्ट. "चढा." आई गुडघे धरत पुन्हा चढली. दाबलं की फळी. "उतरा." घट्ट.

"हे गृहस्थ बरे आहेत ना रे?" आईने मला हळूच विचारलं.

शिरस्तेदार बाहेर आले आणि तिथेच धुळीत मांडी घालून बसले. दोन्ही हातांनी मला दाखवू लागले. एक मूठ म्हणजे चाक, दुसरा पंजा म्हणजे ठोकळा. ठोकळे गाडीच्या पेटीला टांगलेले. पेटी ज्यांवर तोललेली त्या पोलादी कमानी जुन्या होऊन बसलेल्या. मागे माणसं बसली की पेटी खाली दबते, तिच्याबरोबर ठोकळेही खाली येतात. आणि चाक गोल. मध्याच्या खाली ते मागे वळत जातं. मग ठोकळा चाकाकडे सरकतो, सरकतो, पण धावेपर्यंत पोचतच नाही. रिकाम्या गाडीला ब्रेक लागायचा. भरल्या गाडीला लागायचा नाही. आणि इतक्या वर्षांत त्यांच्या गाडीत मागे कोणी बसलंच नव्हतं.

बोलता बोलता त्यांचे डोळे वाहू लागले.

"अहो, लागलं का कुठे?" आईने विचारलं.

"नाही बाई," ते म्हणाले. "सापडलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ठाण्याला मुलाकडे पाठवलं. "मी गेलो तर तो ऐकून घेईल आणि पाणी विचारील," ते म्हणाले. "तुम्ही जा. तुम्ही तटस्थ साक्षीदार."

मुलगा ठाण्याला तळ्याजवळ दोन खोल्यांत राहायचा. दिसायला बापासारखाच, पण हसू कुठेतरी सांडून आल्यासारखा. मी सगळं सांगितलं, हातांनी चाक आणि ठोकळा करूनही दाखवला. त्याने शांतपणे ऐकलं.

"तुमचे वडील खोटं बोलत नव्हते," मी म्हणालो.

"ते खोटं बोलतात असं मी कधी म्हटलं?"

"मग तुम्ही..."

आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला. त्याने दाराकडे बघितलं आणि म्हणाला, "रविवारी येतो. सांगा त्यांना."

त्या रविवारी शिरस्तेदार लग्नघरातल्यासारखे उठले. घोडा धुतला, पितळ घासलं, ठेवणीतला अंगरखा घातला. मी म्हणालो, मागे तांदळाची पोती ठेवली तरी दाखवता येईल. त्यांनी मान हलवली. "पोती नकोत. माणसं बसू देत." माझी आई आपण होऊन तयार झाली. ती, मी, माझी बायको, आणि बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर मोतद्दारसुद्धा, असे मागे बसलो. मुलगा बापाशेजारी पुढे. अंगणात दाखवलं असतं तरी चाललं असतं, पण शिरस्तेदारांनी गाडी दुर्गाडीकडे घेतली आणि उतार सुरू होण्याआधी सपाटीवर उभी केली. खाली खाडी दिसत होती. नाव पलीकडच्या तीराला होती.

चाकांना दगड लावून त्यांनी मुलाला पायडल दाबायला सांगितलं. त्याने दाबलं. फळीचा आवाज आम्हाला मागे ऐकू आला. आम्ही उतरलो. त्याने पुन्हा दाबलं आणि त्याचा पाय मधेच थांबला. मग तो खाली उतरला, अंगातल्या कोटासकट गाडीखाली झोपला आणि आम्हाला पुन्हा बसायला सांगून, ठोकळा आणि चाक यांच्यामधली फट त्याने स्वतः बघितली. बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत माती होती. शिरस्तेदार त्याच्या तोंडाकडे बघत उभे होते. निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या माणसाचे हात कसे असतात, ते मी त्या दिवशी पाहिलं.

"खरं आहे, बाबा," मुलगा म्हणाला. "तुम्ही दाबला होता. ब्रेक लागतच नव्हता."

शिरस्तेदारांनी डोळे मिटले.

"पण आई उतरते म्हणाली होती."

त्यांनी डोळे उघडले.

"इथेच. आपण आत्ता उभे आहोत ना, इथेच गाडी जरा थांबली होती. ती म्हणाली, मला भीती वाटते, मी उतरते, खालपर्यंत चालत येते. मामी हसल्या. आणि तुम्ही मागे न बघता म्हणालात, 'मग ब्रेक कशाला आहे? बस गुमान.' ती बसली." त्याचा आवाज कुठेही चढला नव्हता. "मला ब्रेकबद्दल कधीच काही म्हणायचं नव्हतं, बाबा."

खालून नावाड्याची हाक ऐकू आली. कोणीतरी पलीकडून त्याला ओ दिली. माझी आई पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघत होती.

मुलाने वाकून बापाच्या पायांना हात लावला.

"थांब, स्टेशनवर सोडतो," शिरस्तेदार म्हणाले.

"नको. चालत जातो मी," तो म्हणाला, आणि खरोखरच चालत गेला. आम्ही तो वळणाआड जाईपर्यंत बघत राहिलो.

घरी येताना मी शिरस्तेदारांच्या शेजारी बसलो होतो. पारनाका दिसू लागला तेव्हा ते मला म्हणाले, "म्हणाली होती हो, मास्तर. तो बोलला तेव्हा मला ऐकू आलं. अगदी तिच्या आवाजात ऐकू आलं. इतकी वर्षं मी नुसता पायच आठवत बसलो होतो."

पुढे त्यांनी लोहाराकडून ठोकळे पेटीवरून काढून चाकांच्या आसालाच बांधून घेतले. आता मागे कितीही माणसं बसली तरी ठोकळे जागेवर राहत आणि ब्रेक बरोबर लागे. माझी आई दर सोमवारी देवळात त्याच गाडीने जाऊ लागली. मग तिच्याबरोबर शेजारच्या दोघी-तिघी. मग तो लठ्ठ सावकारही एकदा बसला. मुलगा श्राद्धाला येई, त्याच्याबरोबर आता सूनही येऊ लागली. तो राहत नसे, पण जेवण झाल्यावर ओटीवर बापाशेजारी काही वेळ बसे. दोघं रस्त्याकडे बघत. काय बोलत ते मी कधी ऐकलं नाही. बहुधा काही बोलत नसावेत.

ब्रेकची रविवारची तपासणी मात्र बंद झाली. रविवारी काय करायचं हे त्यांना मग कळेनासं झालं. माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहत आणि तसेच परत जात.

मग माझी बदली झाली. कल्याण सोडण्याच्या आधी एकदा काही कामाने मी दुपारचा दुर्गाडीखालच्या बंदराकडे गेलो होतो. उताराच्या टोकावर मला त्यांची गाडी दिसली. तेवढ्या उन्हात ते तिथे कशाला आले होते कोण जाणे. मोतद्दार बरोबर नव्हता आणि गाडीत कोणी नव्हतं. हाक मारणार होतो, पण थांबलो. शिरस्तेदारांनी उतारापूर्वी गाडी उभी केली. लगाम सैल सोडला आणि पुरते मागे वळून बसले. त्या रिकाम्या बाकांकडे बघून त्यांनी काहीतरी विचारलं. ओठ हललेले मला दिसले. मग उत्तरासाठी थांबावं तसे थांबले. नंतर खाली उतरले, मागे जाऊन गाडीचं दार उघडलं, क्षणभर धरून ठेवलं आणि हलकेच लावून घेतलं. आणि घोड्याचा लगाम हातात धरून, उतारावरून सावकाश, शेजारून चालणाऱ्या कुणाच्या पावलाला जपून चालावं तसे, खाली चालत गेले.